तारखेच्या जागी शुभ दिवस

मात्सुमोतो, २४ डिसेंबर

श्रीमती मासुए तोगाशी यांस,

पत्राची सुरुवात थंडीवाऱ्याच्या विचारपुशीने करावी, हे मलाही लहानपणी शिकवलेलं आहे. आज ते जमणार नाही.

शुन्पेईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तुम्ही मला तिसऱ्या रांगेत बसवलंत, त्याच्या शाळेतल्या मित्रांबरोबर. पहिल्या रांगेत तुमचे चुलत दीर होते. त्यांनी शुन्पेईला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. धूप घालायला माझा नंबर अकरावा लागला. नऊ वर्षं मी त्याच्याबरोबर एका घरात राहिले, त्याचे फाटके मोजे त्याच्या नकळत फेकून दिले, मेंदूत रक्तस्राव होऊन तो जमिनीवर पडला तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आणि मी अकरावी!

निघताना देवळाच्या पायरीवर तुम्ही म्हणालात, "चिनात्सु-सान, घर बघायला माणूस पाठवते. मार्चअखेर रिकामं झालं तर बरं." जणू मी तिथे सुट्टीपुरती उतरले होते.

म्हणून हे पत्र. घर रिकामं होणार नाही. शुन्पेईने मृत्युपत्र केलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी तो बर्फावरून घसरून पाय मोडून घेऊन बसला, तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवर मला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" मी म्हटलं, बायको. त्यांनी आडनावं पाहिली आणि म्हणाले, "घरचं कोणी आहे का?" त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा नीट कळलं, की आम्ही एकमेकांचे कोणीच नाही. घरी आल्यावर शुन्पेई कुबडीवर रेलून म्हणाला, "एक कागद तरी करून ठेवू." छत्तिसाव्या वर्षी मृत्युपत्र करतोय म्हणून मित्रांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. एकजण म्हणाला, "कवळी कधी बसवतोस?"

आता कोण हसतं ते पाहू. "मात्सुमोतोचं घर आणि जमीन इवाकिरी चिनात्सु हिला द्यावी," असं त्याने स्वतःच्या हाताने, कुंचल्याने लिहिलं आहे. खाली नाव आहे, शिक्का आहे. असं पाकीट घरी फोडायचं नसतं, म्हणून जानेवारीत मी ते कौटुंबिक न्यायालयात देणार आहे. तुम्हालाही बोलावणं येईल.

'लोभ असावा' असं शेवटी लिहायचा प्रघात आहे. तो कधी नव्हताच, तेव्हा राहू द्या.

इवाकिरी चिनात्सु


मात्सुमोतो, ९ फेब्रुवारी

मासुए-सान,

न्यायालयात तुम्ही आला नाहीत ते बरं झालं. जिंकल्याच्या तोऱ्यात माझा चेहरा कोणी पाहू नये असाच होता.

तिथे नुसतं पाकीट फोडून कागद पाहतात, शिक्का मारतात आणि परत देतात. चालेल की नाही ते सांगत नाहीत. मी उड्या मारत तो कागद घेऊन होसाका-सान यांच्याकडे गेले. घरांच्या नोंदणीची कामं करतात ते. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी कागद वाचला आणि पुन्हा वाचला.

"दिवस कुठेय?"

"हा काय. शुभ दिवस."

"इवाकिरी-सान, शुभ दिवस ही तारीख नव्हे हो. महिन्यात शुभ दिवस किती असतात!"

"पण वर्ष आहे, महिना आहे—"

"दिवसही लागतो. नेमका. तारीख नाही तर मृत्युपत्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने कधीच सांगून ठेवलंय."

मी म्हटलं, "मग हे काय आहे?"

ते म्हणाले, "अक्षर सुंदर आहे."

आम्ही छापखानेवाले. लग्नाच्या पत्रिका, दुकानं उघडल्याची कार्डं, बाळाच्या नामकरणाची कार्डं. प्रत्येकाच्या शेवटी वर्ष, महिना आणि 'शुभ दिवस' हेच असतं. हजारो वेळा आम्ही ते शिशाचे खिळे जुळवले. घ्या! वेंधळा तुमचा मुलगा, हात सवयीच्या वळणावर गेला असणार. लहानपणी तो शाळेत दप्तर न घेता जायचा असं तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. तुम्हाला तरी नवल वाटायला नको. मला मात्र इतका राग आला, की त्याच्या फोटोसमोर ठेवलेला भात मी उचलून स्वतः खाल्ला.

तर आता असं आहे. कागदोपत्री त्याला बायको नाही, मूल नाही, वडील नाहीत. म्हणून घर तुमचं. मी त्याची भाडेकरूसुद्धा नाही, भाडेकरूला निदान नोटीस द्यावी लागते. होसाका-सान म्हणाले, हवं तर खटला लढवा, वर्षं जातील आणि भरवसा नाही. तुमच्याशी कोर्टात भांडायला माझ्यात बळ नाही. म्हणून विनंती करते. मला विनंती करता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा वाकडी लागली तरी विनंती म्हणूनच वाचा.

मला या घरात राहू द्या. खालच्या मजल्यावरचं यंत्र माझ्या वडिलांचं आहे, आठशे किलोचं. त्याच्यासाठी शुन्पेईने आणि मी स्वतः काँक्रीट ओतून जमीन केली. ते हलवलं तर पुन्हा बसवायला जागा नाही, आणि यंत्र नसेल तर माझ्या हाताला काम नाही.

चिनात्सु


मात्सुमोतो, २१ फेब्रुवारी

मासुए-सान,

परवा फोन मी आपटला. माफी मागत नाही. तुम्ही बोललातच तसं.

"पत्र मिळालं," म्हणालात. "विनंती म्हणतेस होय तू याला? आमच्याकडे असं बोलणाऱ्याला दारातून परत पाठवतात."

मी गप्प राहिले. याची नोंद घ्या.

मग म्हणालात, "तोगाशी नाव नको होतं ना तुला? मग तोगाशीचं छप्पर कशाला हवं गं?"

त्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही, इथे देते. लग्न नोंदवायचं तर दोघांपैकी एकाने आडनाव सोडायचं, असा आपला कायदा. सोडते कोण, तर शंभरातल्या पंचाण्णव वेळा बाई. माझ्या वडिलांच्या दुकानावर 'इवाकिरी मुद्रण' अशी पाटी. त्यांना मुलगा नाही. मी एकटी. ते नाव मी सोडणार नव्हते, आणि अजूनही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. आम्ही म्हटलं, कायदा बदलेल तेव्हा नोंदवू. बदलणार बदलणार म्हणत नऊ वर्षं गेली. सुरुवातीलाच दोन आडनावं शेजारी शेजारी छापून आम्ही सगळ्यांना कार्ड पाठवलं होतं. तुम्हाला ते टपालाने कळलं, हे वाईट झालं. हे मात्र मान्य करते.

पण तुम्ही काय केलंत? तेव्हापासून दर ऑगस्टला तुमच्याकडून शेंगांची पेटी यायची, वर फक्त त्याचं नाव. शेंगा उकडायची मी. मीठ घालायची मी. फोन करून "मिळाल्या" म्हणायचा तो, आणि तुम्ही विचारायचात, "तू बरा आहेस ना?" तू! जणू तो रानात एकटा राहत होता.

आणि एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर विसरता. पाचव्या वर्षी शुन्पेई तुमच्याकडे आला होता. "आई, मी इवाकिरी होतो. मला काही फरक पडत नाही, एकदाचं नोंदवून टाकू दे," असं तो तुम्हाला म्हणाला. तुम्ही म्हणालात, "मी मेल्यावर हो." तो तसाच परत आला. मला काहीच सांगितलं नाही, पुढे वर्षभराने सांगितलं. तेव्हा नाव नको होतं कोणाला, हे जरा आरशात बघून विचारा.

चिनात्सु


मात्सुमोतो, ५ मार्च

मासुए-सान,

तुमचं उत्तर नाही. नको असेल तर नको. सामान बांधायला घेतलं आहे. यंत्र भंगारवाला नेणार आहे, दुसरं कोणी तयार नाही.

काल माझी मैत्रीण मिझुकी आणि तिचा तो आले होते बांधाबांधीला. आमच्यासारखेच, न नोंदवता राहणारे. पोरगी दीड वर्षाची. मी विचारलं, "कागद केलात?"

मिझुकी म्हणाली, "चिनात्सु, आम्ही तिशीतली माणसं. मृत्युपत्र काय आत्ता करायचं?"

तो म्हणाला, "आमच्याकडे आहे काय वाटायला? सायकल आणि कर्ज!"

मी हातातली दोरी टाकली. म्हटलं, "उद्या तू गेलास तर या पोरीच्या नावाचा बँकेतला एक कागद सुटायला महिने लागतील. उद्या तुम्ही दोघं एकाच गाडीत गेलात तर पोरगी कोणाकडे जाईल, ते तुम्ही ठरवणार की तुमची ती ओसाकाची आत्या?" ती आत्या दोघांनाही आवडत नाही. मी त्यांना गाडीत घालून सरळ नोटरीकडे नेलं आणि भेटीची वेळ घ्यायला लावली. त्याने वाटेत तोंड फुगवलं होतं. फुगव म्हटलं.

घरी आले आणि रिकाम्या खोलीत बसले. लोकांना असं फटकारताना मला फार बरं वाटत होतं. मग बरं वाटेनासं झालं. कारण गेल्या महिन्यात मी तुम्हाला खोटं लिहिलं.

शुन्पेईने तारीख लिहिली होती. व्यवस्थित, नेमकी. जानेवारीतली सकाळ होती, शाई ओली होती. मी चहा घेऊन आले आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आमचंच छापलेलं कॅलेंडर. त्या दिवसाखाली 'बुत्सुमेत्सु'. त्या दिवशी कोणी लग्न ठरवत नाही, दुकान उघडत नाही, आमच्याकडे पत्रिकेची ऑर्डर द्यायलासुद्धा कोणी फिरकत नाही. मी म्हटलं, "अरे, मरणाचा कागद आणि त्यावर सगळ्यात अशुभ दिवस? पुन्हा लिही."

तो म्हणाला, "उद्या लिहितो मग, उद्याची तारीख घालून."

मी म्हटलं, "उद्या उद्या करत तू पाय बरा होईपर्यंत विसरशील. आत्ता लिही. दिवस लिहूच नकोस, 'शुभ दिवस' लिही. शोभूनही दिसतं."

तो हसला. "मालकीणबाईंचा हुकूम," म्हणाला. पहिला कागद चुरगळून स्टोव्हमध्ये टाकला आणि दुसरा लिहिला. मी तो तीनदा वाचला. बारीकसारीक चूक पकडणं हा माझा धंदा आहे. मला तो बिनचूक वाटला.

वेंधळा तो नव्हता. त्याचं नाव मी पुढे केलं, कारण त्याला उलट बोलता येत नाही. आई समोर असून मी मुलावर आळ घेतला. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, यावेळी फोन आपटणार नाही.

चिनात्सु


मात्सुमोतो, २४ मार्च

मासुए-सान,

तुम्ही न कळवता आलात. हा तुमचा स्वभाव म्हणायचा की हल्ला, मला अजून ठरवता आलेलं नाही. दार उघडलं तर तुम्ही, पाठीवर पोतडी, आणि पहिलं वाक्य, "किती वाळलीस गं. जेवतेस की नुसती पत्रं लिहितेस?"

तीन दिवस राहिलात. माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या वस्तूंच्या जागा बदलल्यात. सोया सॉस अजून सापडत नाही. भंगारवाला आला तर त्याला म्हणालात, "हे यंत्र चालतंय. चालत्या वस्तूला हात लावशील तर बघ." त्यासाठी आभार मानायचे आहेत, ते इथे मानते. भिंतीवर लावलेल्या आमच्या पत्रिकांच्या नमुन्यांवरून तुम्ही बोट फिरवत होतात, तेही पाहिलं.

पण शेवटच्या सकाळी मुळ्याचं लोणचं चिरता चिरता जे म्हणालात ते मला अजून गिळता येत नाही.

"घर माझ्या नावावर आहे. मी एकाहत्तर वर्षांची. माझ्यामागे ते जाईल त्या दिरांच्या पोरांकडे, ते महिन्याभरात विकतील. मी नोटरीला विचारून आले. मृत्युपत्रावर आता माझा भरवसा नाही; मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं, तू माझी दत्तक मुलगी हो. मग तुला कोणी हात लावणार नाही. फक्त दत्तक गेलीस की नाव तोगाशी लागतं. ते कायद्याचंच आहे, माझं नाही."

तुम्ही हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंत.

नाही. माझं उत्तर नाही आहे. तुम्ही चांगल्या मनाने म्हणालात हे मला कळतं, म्हणूनच जास्त संताप येतो. शुन्पेईने मलाही एकदा विचारलं होतं. तुमच्याकडून तो हात हलवत परत आला त्यानंतरच्या वर्षी. "चिनात्सु, एकदाच विचारतो. तू तोगाशी होशील? कंटाळा आलाय मला कोणाचाच नसण्याचा." मी म्हटलं, "नाही." विचारसुद्धा केला नाही, खिळे जुळवत होते, मान वर केली नाही. तो म्हणाला, "बरं," आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

तो जिवंत असताना त्याच्यासाठी जे दिलं नाही, ते आता चार भिंतींसाठी देऊ? मग मी कसली बाई? घर विका. दिरांच्या पोरांना द्या. यंत्र गंजू द्या.

चिनात्सु


मात्सुमोतो, ८ एप्रिल

मासुए-सान,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. तीन ओळींचं. मी तिथेच टपालपेटीजवळ उभी राहून वाचलं, आणि शेजारच्या टोफूवाल्याला वाटलं मला चक्कर येतेय.

"त्याने मला विचारलं, मी नाही म्हटलं. तुला विचारलं, तू नाही म्हटलंस. आता नाही म्हणायला आपण दोघीच उरलोय."

तुम्ही आयुष्यात माझ्याशी यापेक्षा खरं काही बोलला नाहीत. मी दोन दिवस तुमच्यावर चिडून होते. मग स्वतःवर चिडले. मग चिडायला कोणी उरलं नाही. शुन्पेईवर चिडून पाहिलं, पण तो बिचारा दोन्ही दारं ठोठावून आला होता.

तुम्ही सही करून ठेवून गेलेला अर्ज मी भरला. दुकानाची पाटी इवाकिरीच राहील, ते मी विचारून घेतलं. साक्षीदार दोन लागतात. मिझुकी आणि तिचा तो आले. त्यांचा कागद झाला, पोरीला कोण सांभाळणार तेही लिहून झालं, आणि तो मला आता "काकू" म्हणायला लागलाय.

आज सकाळी मी नगरपालिकेत गेले. लग्नाचे अर्ज घेतात तीच खिडकी. माझ्यापुढे एक जोडपं होतं, विशीतलं. दोघं सारखे फोटो काढत होते. पोराने आडनाव कोणाचं त्या चौकटीत खूण केली, पोरीने पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांना खांदे धरून हलवावंसं वाटलं. काय ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवा, आणि उद्यावर टाकू नका. बोलले नाही. गप्प बसायला शिकतेय.

मग माझा नंबर. खिडकीवरच्या मुलीने कागद उलटून पाहिला, शिक्के पाहिले, "झालं" म्हणाली. पंधरा मिनिटं. नऊ वर्षं एका ताटात जेवलो ते सरकारला कधी पटलं नाही, आणि पंधरा मिनिटांत मी एका बाईची मुलगी झाले. हसावं की खिडकी फोडावी? मी "धन्यवाद" म्हणून बाजूला झाले.

कागदावर तुम्ही आता माझी आई आहात. तोंडाला वेळ लागेल, घाई करू नका. मेमध्ये या, सोया सॉस कुठे ठेवलात ते तेवढं दाखवा.

घर आता सुटलं. रात्रीची झोप लागेल असं वाटलं होतं. पण निघताना मी नव्या नोंदीची प्रत मागितली आणि बाहेर बाकावर बसून पाहिली. तुमचं कुटुंब, एकच पान. वर तुमचं नाव. मग शुन्पेई, त्याच्यावर 'वजा' असा शिक्का. त्याच्या खाली मी. नऊ वर्षांत पहिल्यांदा आमची नावं एका सरकारी कागदावर आली.

तिथे मी त्याची बहीण लागते.

चिनात्सु